गोचीड: पातेऱ्यात तग कसा धरतात आणि काजूच्या हंगामात अंग कसं वाचवायचं

पानगळ (धागाकर्ता)

थंडी पडली की दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी पट्ट्यात आणि पलीकडे गोव्याच्या सत्तरीत माकडतापाची चर्चा सुरू होते, आणि दरवर्षी तेच तेच गैरसमज फिरतात. म्हणून एकाच ठिकाणी सविस्तर लिहितो आहे. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे कान धरावा.

आजाराचं नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे केएफडी. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली माकडं मरू लागली आणि पाठोपाठ माणसं आजारी पडली. पुण्याच्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरने (आताची राष्ट्रीय विषाणू संस्था, एनआयव्ही) विषाणू शोधून काढला. पुढे कित्येक वर्षं तो कर्नाटकातच राहिला. २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाळी गावात आणि २०१६ पासून सिंधुदुर्गात रुग्ण दिसले. विषाणू गोचिडातून येतो. मुख्य जात हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा.

या गोचिडाचं आयुष्य चार टप्प्यांचं असतं: अंडं, सहा पायांची अळी, आठ पायांचं पिल्लू (निम्फ) आणि प्रौढ. अळी एका प्राण्याचं रक्त पिते, खाली पडते, कात टाकते. पिल्लू दुसऱ्या प्राण्यावर चढतं, पिऊन पडतं, कात टाकतं. प्रौढ तिसऱ्यावर. प्रत्येक टप्प्याला जेवण एकदाच, मधला सगळा काळ जमिनीवर पातेऱ्यात, म्हणजे गळून पडलेल्या सुक्या पानांच्या थरात, उपाशी. आयुष्याचा बहुतेक भाग तो कुणाच्याही अंगावर नसतोच. औषधाची बाटली हातात घेण्याआधी ही गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी.

प्रौढ गोचीड पावसाळ्यात जास्त, आणि ते गुराढोरांवर, मोठ्या जनावरांवर जातात. पावसानंतर अळ्या. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत पिल्लं. माणसाला चावतं ते मुख्यतः हे पिल्लू, आकाराने खसखशीच्या दाण्याहून जरासं मोठं. नेमका तोच काळ पातेरा गोळा करण्याचा, लाकूडफाटा आणण्याचा आणि काजू वेचण्याचा. त्यामुळे गुरांवरचे टपोरे करडे गोचीड बघून "आमच्या बागेत तसलं काही नाही" असं म्हणण्यात अर्थ नाही. धोक्याचं जे आहे ते सहज दिसतच नाही.

---

चौकस

वाचनखूण साठवली. दोन शंका. हे झाडावरून अंगावर पडतात असं आमच्याकडे सगळेच म्हणतात, ते खरं का? आणि फेब्रुवारीनंतर इतकं ऊन असतं, पातेरा कुरकुरीत होतो, त्यात हे सुकून मरत कसे नाहीत?

---

पानगळ

पडत नाहीत. उडत नाहीत, उडीही मारत नाहीत. मानेवर सापडतो म्हणून वरून पडला असं वाटतं. प्रत्यक्षात तो पायावरून चढलेला असतो, कापडाच्या आतून वर सरकत सरकत शिवण, कंबरपट्टा, काख अशी घट्ट आणि ओलसर जागा शोधतो. गवताच्या पात्याच्या किंवा सुक्या काटकीच्या टोकाला जाऊन मागच्या पायांनी धरून ठेवतो आणि पुढची पायांची जोडी हवेत पसरून बसतो. त्या पुढच्या पायांवर हॅलरचं इंद्रिय नावाची एक खाच असते. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, घामाचा वास, अंगाची ऊब, हवेतला ओलावा हे सगळं तिला कळतं. कापड घासून गेलं की पकड बसते, क्षणभराचा मामला. पिल्लं गुडघ्याच्याही खालीच बसलेली असतात, त्यामुळे सगळी लढाई घोट्यापासून गुडघ्यापर्यंतची.

उन्हाचं म्हणाल तर शंका अगदी बरोबर. गोचीड उपासाने सहसा मरत नाही, कोरडेपणाने मरतो. रक्ताशिवाय तो महिनोन्‌महिने काढतो, काही जातींचे प्रौढ वर्षभरही. पण वाट बघत टोकाला बसला की अंगातलं पाणी जातं. मग तो खाली उतरतो, पातेऱ्याच्या तळाशी जातो आणि तिथे हवेतून पाणी ओढून घेतो. थेंब पीत नाही. तोंडावर खारट लाळ सोडतो, ती लाळ हवेतली वाफ शोषते, आणि ती तो परत गिळतो. त्यासाठी आजूबाजूला साधारण ७५ ते ९५ टक्के आर्द्रता लागते, जातीप्रमाणे कमीजास्त. वरचा पातेरा कुरकुरीत असला तरी सावलीतल्या बागेत चार बोटं खाली हात घातलात तर माती गार आणि दमट लागते. तिथे त्याचं निभावतं. उघड्या, उन्हात तापलेल्या पायवाटेवर मात्र तो फार काळ टिकत नाही.

म्हणून वाटेच्या मधोमध चाला, कडेचं गवत घासू देऊ नका. बसायचं तर पातेऱ्यावर बसू नका. जेवायला उघड्या कातळावर बसा, आणि पिशवी, डबा, शर्ट गवतावर टाकू नका.

---

वाटाड्या

कपड्यांबद्दल मी लिहितो. ट्रेकला जाणारे आणि बागेत काम करणारे, दोघांनाही हेच लागू.

फिकट रंगाची, लांब, घट्ट विणीची पँट. पँटचे पाय मोज्यात खोचायचे, मोजे बाहेर. शर्ट पँटमध्ये खोचायचा. दिसायला गबाळं दिसतं, पण असं केलं की चढणाऱ्या गोचिडाला कातडीपर्यंत पोचायला बराच वेळ बाहेरूनच चालावं लागतं आणि फिकट कापडावर तो दिसतो. गमबूट असतील तर उत्तम, मात्र पँट बुटात जायला हवी. बुटावरून पँट सोडली तर बूट घालूनही चढायला वाट मोकळी. बुटाच्या वरच्या काठाला रुंद चिकटपट्टी उलटी, म्हणजे डिंकाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळली तर चढणारी पिल्लं तिथेच अडकतात. धूळ बसली की पट्टी निकामी, दिवसातून दोनदा बदला.

तेल-मलमांबद्दल:

डीईईटी (किडे दूर ठेवणारं रसायन) २० ते ३० टक्क्यांचं घ्या, उघड्या कातडीवर लावा. कपड्याच्या आत लावू नका. कोकणातल्या घामात डब्यावर लिहिलेले तास धरू नका, चार तासांनी परत लावा. चष्म्याची प्लॅस्टिकची काडी, घड्याळाची प्लॅस्टिकची काच, रेक्झिन हे डीईईटीने विरघळतं, हात पुसून मग हात लावा. लहान मुलांच्या हाताला लावू नका, हात तोंडात जातात.

आरोग्य केंद्रातून डीएमपी किंवा डीईपीए तेल मिळालं तर तेही चालतं. डीईपीए हे डीआरडीओच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेने विकसित केलेलं आहे. घोटे, पिंढऱ्या, मनगटं, मान या जागा सोडू नका. घरी आल्यावर साबणाने धुवून टाका.

बाजारातली डासांची साधी क्रीम डासांसाठी केलेली असते, गोचिडावर तिच्या भरवशावर राहू नका.

कपड्यांवर मारायचं ते परमेथ्रिन, ०.५ टक्क्याचं. कपडे दोरीवर टांगून फवारायचे, पूर्ण वाळू द्यायचे, मगच घालायचे. कातडीवर कधीच नाही. पाचसहा धुण्यांपर्यंत परिणाम राहतो. ते मिळालं नाही म्हणून शेतीतलं सायपरमेथ्रिन अंदाजाने पाण्यात कालवून पँटवर मारणारे लोक आहेत. कृपया करू नका. त्यातले द्रावक कातडीसाठी नसतात आणि मात्रा कुणालाच माहीत नसते.

---

काजूबी

बागेपुरती भर. बागेत गोचीड आहेत की नाहीत ते स्वतः तपासता येतं. पांढऱ्या फ्लॅनेलचा किंवा जाड सुती कापडाचा साधारण एक मीटर लांब-रुंद तुकडा घ्या. एका बाजूला काठी शिवा, काठीच्या दोन्ही टोकांना दोरी. पातेऱ्यावरून सावकाश ओढत न्या आणि दर दहा-पंधरा पावलांनी उलटं करून बघा. पिल्लं तांबूस ठिपक्यांसारखी दिसतात, आणि ठिपका चालायला लागला की शंका उरत नाही. सकाळी दव उडाल्यावर ओढा. कापड ओलं झालं तर त्याला काही चिकटत नाही आणि "बाग स्वच्छ आहे" असा खोटा दिलासा मिळतो.

वेचणीआधी झाडाखालचा पातेरा दाताळ्याने ओढून आळं मोकळं करायचं, ऊन आत येईल इतक्या खालच्या फांद्या छाटायच्या. पण ओढणारा माणूसच सगळ्यात जास्त धोक्यात असतो. त्यामुळे वरचा सगळा जामानिमा आधी त्याला द्या, वेचणाऱ्यांना नंतर.

आणि हा पातेरा जातो कुठे? भाजावळीसाठी (पेरणीआधी जमीन भाजायला) खळ्यात, नाहीतर गोठ्यात गुरांखाली अंथरायला. म्हणजे जंगलातले उपाशी गोचीड भारे बांधून आपणच घराशी आणतो. हंगामात जंगलातला पातेरा गोठ्यात अंथरू नका. भाताचा पेंढा वापरा. भाजावळीचा ढीग घरापासून लांब, उन्हात ठेवा.

---

चौकस

मग पातेरा जागच्या जागीच पेटवून दिला तर? एका काडीचं काम.

---

काजूबी

काजूची मुळं वर असतात, झाड होरपळतं. वणवा लागला तर शेजाऱ्याची बागही जाते. शिवाय आग वरून पळत जाते, दगडाखाली आणि बिळात बसलेल्याला काही होत नाही, उंदीर परत आले की गोचीडही परत. दाताळंच बरं.

---

नाडी

मी वैद्यकीय बाजू लिहितो.

घरी आल्यावर दोन तासांच्या आत आंघोळ, खरखरीत कापडाने अंग घासून. नुसतं पाणी ओतून उपयोग नाही, गोचीड पाण्यात तासन्‌तास जिवंत राहतो. म्हणून कपडे थंड पाण्यात भिजत टाकणं हाही उपाय नव्हे. उकळत्या पाण्यात टाका, किंवा वाळवणीच्या मशीनमध्ये कडक उष्णतेवर किमान दहा मिनिटं फिरवा. दारामागे खुंटीला टांगून ठेवलेला बागेतला शर्ट दुसऱ्या दिवशी तसाच घातला तर सगळी मेहनत वाया.

मग आरसा आणि दुसरा माणूस. केसांची मुळं, कानामागे, काखा, बेंबी, कंबरपट्ट्याची रेघ, जांघा, गुडघ्यामागे, बोटांच्या बेचक्या. डोळ्यांवर विसंबू नका, बोट फिरवा. नवीन तीळ लागला की बॅटरी मारून पाय आहेत का बघा.

चिकटलेला असेल तर:

बारीक टोकाचा चिमटा घ्या, भुवयांचा सपाट तोंडाचा नको. अगदी कातडीलगत, त्याच्या तोंडापाशी धरा, फुगलेल्या पोटाला नाही. सरळ वर, एकसारखा ताण द्या. हिसका नको, पिळणं नको. काही सेकंद कातडी तंबूसारखी वर येते आणि मग तो सुटतो. त्याच्या सोंडेला मागे वळलेले दाते असतात आणि अनेक जाती भोवती सिमेंटसारखा डिंकही ओततात, म्हणून वेळ लागतो. तुकडा आत राहिलाच तर सुईने उकरत बसू नका, कातडी तो आपोआप बाहेर टाकते. जागा साबणाने आणि मग स्पिरिटने पुसा. गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाका किंवा चिकटपट्टीत दोन्हीकडून बंद करा. नखाने चिरडू नका.

रॉकेल, चुना, तंबाखूचं पाणी, पेटती उदबत्ती, व्हॅसलीन: यातलं काहीही नको. पोटातलं उलटं जखमेत येण्याचा धोका असतो, आणि तो सुटेपर्यंत वेळ जातो तो वेगळाच.

अळ्यांचा थवा लागला असेल (पावसाळा संपताना गवतात एकाच वेळी शेकड्यांनी चढतात) तर एकेक काढत बसू नका. पार्सलची रुंद चिकटपट्टी दाबून उचला, पट्टी दुमडून टाका.

---

हडसनकाठ

न्यू जर्सीहून. इथे हाच विषय लाइम आजारामुळे घरोघरी असतो. काळ्या पायांचा गोचीड, पिल्लांचा जोर मे ते जुलै, आणि प्रौढ तर हिवाळ्यातही पारा चारेक अंशांच्या वर गेला की बाहेर पडतात. इथे आम्हाला सांगतात की गोचीड २४ तासांच्या आत काढला तर लाइमची शक्यता फार कमी. चिकटून ३६ तास उलटले असतील तर डॉक्टर ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिनचा एकच २०० मिलिग्रॅमचा डोस देतात. तिकडेही हाच हिशेब धरायचा का?

---

नाडी

नाही, आणि हे विचारलंत ते फार बरं झालं. इंटरनेटवर वाचलेला हा २४ तासांचा नियम इकडे सर्रास सांगितला जातो.

लाइमचे जिवाणू उपाशी गोचिडाच्या आतड्यात असतात. रक्त आलं की ते जागे होतात, वाढतात, लाळग्रंथीपर्यंत प्रवास करतात, म्हणून तेवढा वेळ मिळतो. केएफडीचा विषाणू युरोपातल्या टीबीई या मेंदूज्वराच्या कुळातला. या कुळातले विषाणू लाळेतच असतात, त्यांना तासांची वाट बघावी लागत नाही. वरून गोचिडाची सवय अशी की रक्त पिताना त्यातलं जास्तीचं पाणी तो लाळेवाटे परत आपल्याच अंगात सोडतो. पूर्ण प्यायलेल्या मादीचं वजन शंभरपटीपर्यंत जातं ते यामुळेच, पाणी परत, रक्ताचा अर्क पोटात. म्हणजे लाळ सतत आत जात राहते. लवकर काढणं चांगलंच, पण "संध्याकाळी बघू" हे धोरण इथे चालत नाही. चावूच नये याकडे लक्ष द्यायचं.

डॉक्सिसायक्लिनही विषाणूवर चालत नाही. गोचिडापासून होणाऱ्या रिकेट्सियल तापावर मात्र चालतं, आणि तोही आपल्याकडे आहे: ताप, तळहात-तळपायांवरही येणारं पुरळ. तिथे शंकेवरूनच लगेच सुरू करावं लागतं. पण हा निर्णय डॉक्टरांचा, मेडिकलवाल्याचा नाही.

केएफडीत चावल्यानंतर साधारण ३ ते ८ दिवसांनी एकदम थंडी-ताप, प्रचंड डोकेदुखी, कंबर आणि पिंढऱ्या मोडून येणं, डोळे लाल, उलट्या. काहींना हिरड्यांतून, नाकातून रक्त. बहुतेक जण बरे होतात, मृत्यूचं प्रमाण ३ ते ५ टक्के. १० ते २० टक्के रुग्णांना एक-दोन आठवडे बरं वाटून ताप परत उलटतो, या वेळी मेंदूची लक्षणं घेऊन: मान ताठ, कंप, गोंधळ. म्हणून ताप उतरला की लगेच बागेत जाऊ नये.

पहिल्या दिवसांत आरटी-पीसीआर, पुढे आयजीएम (रक्तातल्या प्रतिपिंडांची) चाचणी. विषाणूवर खास औषध नाही. सलाइन, पॅरासिटामॉल, प्लेटलेटवर नजर. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन टाळा, रक्तस्राव वाढतो. अंगदुखीवर "एक सुई मारा" म्हणणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवा. डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता त्यांना सांगा: "काजूच्या बागेत जातो, अमुक दिवशी गोचीड लागला होता." नाहीतर डेंगी, लेप्टो, मलेरिया करत चार दिवस जातात.

लसीवर विसंबू नका. कर्नाटकात वर्षानुवर्षं जी दिली जायची ती फारशी पुरी पडत नव्हती, वापर बंद झाला.

---

दावण

पशुवैद्यक आहे. गुरांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

आधी एक स्पष्ट करतो: केएफडीचा विषाणू गुरांत फारसा वाढत नाही, दुधातून येतो वगैरे भीती नको. पण प्रौढ स्पिनिजेरा गुरांवर पोसले जातात, म्हणजे जंगलात चरणारं गुरू गोचिडांची संख्या वाढवतं. गुरांच्या स्वतःच्या आजारांसाठी मात्र दुसऱ्या जाती बघाव्या लागतात.

रिपिसेफॅलस मायक्रोप्लस हा एकाच जनावराचा गोचीड. अळी चढली की प्रौढ होईपर्यंत त्याच अंगावर, जवळपास तीन आठवडे. मादी पडते आणि दोन-तीन हजार अंडी घालते. लाल लघवीचा आजार हा पसरवतो. यासाठी फवारणी जनावरावर.

हायलोमा वेगळा. तो कात टाकायला गोठ्याच्या भिंतीच्या भेगांत, गव्हाणीच्या फटीत, शेणकुटाच्या ढिगाखाली जातो. संकरित गाईंचा थायलेरिया हा आजार याच्यामुळे. जनावरावर कितीही फवारा, भेगा तशाच राहिल्या तर पंधरा दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. भेगा सिमेंटने बुजवा, गुळगुळीत करा, चुना मारा, जनावरं बाहेर काढून गोठाही फवारा.

मात्रा: अमिट्राझ १२.५ टक्के, २ मिली एक लिटर पाण्यात. मोठ्या जनावराला चार-पाच लिटर द्रावण लागतं. एका लिटरमध्ये गाय "उरकली" जाते तिथेच फसतं. कानाच्या आत, शेपटीखाली, कासेच्या मागे, गळ्याच्या पोळीखाली, खुरांच्या बेचकीत द्रावण पोचायला हवं. आधी पाणी पाजा म्हणजे अंग चाटणार नाही. दुपारच्या उन्हात नको. द्रावण ताजं करा, उरलेलं ठेवू नका. ओढ्याकाठी फवारणी नको, डेल्टामेथ्रिनसारख्या औषधांनी मासे मरतात. दोन-तीन आठवड्यांनी परत, असं तीनचार वेळा. घोड्याला अमिट्राझ कधीच नाही.

पाठीवर ओतायचं फ्लुमेथ्रिन १ टक्का: १० किलो वजनाला १ मिली, मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत कण्याच्या रेघेवर. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दुभत्या जनावराला नको, दुधात उतरतं.

औषध "चालत नाही" ही तक्रार नेहमीची. निम्म्या वेळा मात्रा कमी असते. उरलेल्या वेळा वर्षानुवर्षं एकच औषध कमी मात्रेत मारून गोचीड निर्ढावलेले असतात. तेव्हा त्याच औषधाची मात्रा वाढवायची नाही, गट बदलायचा.

---

चौकस

दावण, कुत्र्याचं काय? आणि घरात मांजरही आहे.

---

दावण

कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड आणखी चिवट, कोरड्या घरातही राहतो, सोफ्याच्या मागे आणि दाराच्या चौकटीत अंडी घालतो. आता गोळ्या चांगल्या आहेत: फ्लुरालॅनर एकदा दिली की साधारण बारा आठवडे, अफॉक्सोलॅनर महिनाभर. वजनाप्रमाणेच द्यायची, मोठ्या कुत्र्याची गोळी तोडून दोघांना नाही. फिट येणारा कुत्रा असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. पण गोळीने गोचीड चावल्यावर मरतो, त्यामुळे जंगलातून आलेल्या कुत्र्याच्या अंगावरून चालता गोचीड घरात उतरू शकतो. बाहेरच विंचरा, हातमोजे घालून.

मांजरावर परमेथ्रिन नाही. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या कित्येक औषधांत ते असतं, आणि त्याने मांजर झटके येऊन मरतं. कुत्र्यावर टाकलं असेल तर वाळेपर्यंत दोघांना एकत्र झोपू देऊ नका. वर वाटाड्या यांनी सांगितलेले फवारलेले कपडेही पूर्ण वाळेपर्यंत मांजरापासून लांब.

---

वाटाड्या

धन्यवाद, हे माझ्याकडून लिहायचं राहिलं होतं.

पानगळ, मेलेल्या माकडाबद्दलही लिहा ना. ट्रेकवाले फोटो काढायला जवळ जातात.

---

पानगळ

हो, राहिलंच. वानर आणि लाल तोंडाचं माकड, दोन्ही केएफडीने मरतात. जिवंत असताना अंगावर असलेली गोचिडं अंग थंड पडलं की उतरतात आणि तिथेच आसपास पसरतात. विषाणू असलेली, उपाशी आणि एकाच जागी. म्हणजे मेलेल्या माकडाच्या भोवतालची जागा माकडापेक्षा जास्त धोकादायक, आणि प्रेत उचलल्यावरही ती तशीच राहते.

जवळ जाऊ नका, काठीने उलटं करू नका, पुरू नका. लांबून जागा ओळखून ठेवा, मोबाइलवर ठिकाण नोंदवा. वनखात्याला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला दोघांनाही कळवा. एकालाच कळवलं की दुसऱ्याला कळायला दिवस जातात. ते नमुना घेतात, आजूबाजूला मॅलॅथिऑनची भुकटी मारतात. त्या वाटेने गुरं सोडू नका आणि त्या हंगामापुरता लाकूडफाटा दुसरीकडून आणा.

---

काजूबी

आमच्या भागात भुकटी मारल्यावर दुसऱ्याच दिवशी लोक त्याच जागेतून काजू वेचायला जातात. भुकटी पातेऱ्याच्या वरच्या थरावर बसते, खालच्या थरातल्याला ती लागायला वेळ जातो. शिवाय बोंडू (काजूची फळं) खाल्ले जातात, त्यावर मॅलॅथिऑन असतं. त्या झाडांखालची वेचणी सोडून द्यावी आणि ते बोंडू गुरांनाही घालू नयेत.